नागपूरहून नऊ टेस्लापर्यंत: द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा सीबेक आणि नर्न्स्ट परिणाम कसा मोजावा

या प्रयोगात व्होल्टेज मोजणं हा सोपा भाग आहे. दोन-तीन मायक्रोव्होल्टचा सिग्नल कुठलाही बरा लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर (ठरलेल्या एकाच वारंवारितेचा सिग्नल वेगळा काढणारं यंत्र) स्वच्छ दाखवतो. गाडी अडते ती तापमानाच्या फरकापाशी. इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथे, त्याच चुंबकीय क्षेत्रात, दोन टोकांमध्ये नेमका किती मिलिकेल्विन फरक पडला हे सांगता आलं नाही, तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. त्यामुळे खाली सर्वांत जास्त जागा तापमानालाच दिली आहे.

हा मजकूर नागपुरात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे, मग ते विद्यापीठात असोत, व्हीएनआयटीत असोत की शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात. काम तीन ठिकाणी वाटून घ्यायचं. सराव, वायरिंग, प्रोग्राम आणि ७७ केल्विनपर्यंतची तपासणी नागपुरात. नमुना तयार करण्यासाठी आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएससीतल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा, ज्या आयएनयूपी कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही मिळतात. आणि मोठ्या चुंबकासाठी इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सोर्टियम, जे विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभं केलेलं आहे. चुंबकावर मिळणारे दिवस मोजके असतात. जे काम नागपुरात उरकता येतं ते तिथे करत बसलात, तर वेळ वाया गेलाच म्हणून समजा.

नेमकं काय मोजायचं

पट्टीचं एक टोक गरम केलं की लांबीच्या दिशेने व्होल्टेज तयार होतो. हा सीबेक परिणाम, १८२१चा. पट्टीला लंब चुंबकीय क्षेत्र दिलं की रुंदीच्या दिशेनेही व्होल्टेज येतो. हा नर्न्स्ट परिणाम. एटिंग्सहाउझेन आणि नर्न्स्ट यांना तो १८८६ साली ग्राट्सला बिस्मथमध्ये सापडला. दोन्ही व्होल्टेज तापमानाच्या फरकाने भागायचे, आणि आडव्याला शिवाय लांबी भागिले रुंदी या प्रमाणाने गुणायचं.

क्षेत्र खूप वाढलं की द्विमितीय इलेक्ट्रॉनांची, म्हणजे एकाच पातळ थरात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची, ऊर्जा लँडाऊ पातळ्या नावाच्या ठरावीक पायऱ्यांमध्ये बांधली जाते आणि सीबेक गुणांकाला एक सरळ अर्थ येतो: एकूण वाहक-प्रभाराच्या प्रत्येक एककामागे किती एन्ट्रॉपी आहे. पातळी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असेल तर इलेक्ट्रॉनांना निवडीला वाव नाही, एन्ट्रॉपी शून्य, सीबेकही शून्य. पातळी अर्धी भरली की एन्ट्रॉपी कमाल आणि सीबेकचं शिखर. बोल्ट्झमन स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार म्हणजे ८६.२ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन. त्याला दोनच्या नैसर्गिक लॉगने गुणलं की येतात सुमारे ६०. ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरात, पहिल्या पातळीचं आदर्श शिखर ६०, दुसऱ्या पातळीचं ३०. गॅलियम आर्सेनाइडसारख्या नेहमीच्या द्विमितीय वायूत ६० ला अर्धा, दीड, अडीच यांनी भागायचं, म्हणजे शिखरं सुमारे ११९, ४० आणि २४ वर येतात. या आकड्यांत नमुन्याची लांबी-रुंदी नाही, गतिशीलता नाही, क्षेत्रही नाही. नमुना कुठलाही असो, उत्तर आधीच ठाऊक असलेलं असं मोजमाप प्रयोगात क्वचित मिळतं. कॅलिब्रेशन खरं की खोटं हे यावरून कळतं.

आधी टेबलावर: बिस्मथची पट्टी

पहिल्यांदाच ग्राफीनला हात लावू नका. क्षेत्र उलटवून सम (तसाच राहणारा) आणि विषम (चिन्ह बदलणारा) भाग वेगळे करायची सवय बिस्मथवर लावून घ्या. सगळं साहित्य मिळून एका बाकावर मावतं.

बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ग्राफाइटच्या साच्यात हॉटप्लेटवर ओतता येतं. पट्टी ३० मिमी लांब, ८ मिमी रुंद, २ मिमी जाड करा. गोठताना बिस्मथ फुगतं, त्यामुळे साचा दोन भागांचा ठेवा, नाहीतर पट्टी काढताना मोडते. एका टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा जाड ठोकळा, दुसऱ्या टोकाला १० ओहमचा रेझिस्टर थर्मल पेस्टने बसवा. रेझिस्टरमधून १०० मिलिअँपिअर सोडले की ०.१ वॅट उष्णता जाते आणि दर सेंटिमीटरला साधारण सात-आठ केल्विनचा उतार मिळतो. तापमानासाठी टी प्रकारची थर्मोकपल घ्या, तांबं आणि कॉन्स्टंटनची. बर्डीवरच्या दुकानात सहज हाती पडते ती के प्रकारची, पण तिच्या अ‍ॅल्युमेलमध्ये निकेल असतं आणि ती तार चुंबकाकडे ओढली जाते. त्या थर्मोकपलचं वाचन क्षेत्रात भरवशाचं राहत नाही.

व्होल्टेजच्या तारा शुद्ध तांब्याच्या असू द्या आणि सिल्व्हर पेस्टने चिकटवा. नेहमीच्या सोल्डरने डाग देऊ नका. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र आले की सुमारे ९५ अंशांना वितळणारा मिश्रधातू तयार होतो आणि डागाखालची पट्टी खचते. इतवारीच्या सराफ्यातून सोन्याची तार आणायचा मोहही टाळा. दागिन्याच्या सोन्यात तांबं आणि चांदी मिसळलेली असते, प्रमाण दर घडणीला बदलतं आणि तारेचा स्वतःचा सीबेक गुणांक कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

चुंबकासाठी ५० बाय २५ बाय १० मिमीचे दोन निओडिमियम ठोकळे १२ मिमी अंतरावर पक्क्या चौकटीत बसवा. मध्यभागी साधारण ०.३ ते ०.४ टेस्ला मिळेल. विभागातल्या गॉसमीटरने प्रत्यक्ष मोजून घ्या. बोटं मध्ये येऊ देऊ नका. गरम टोक चुंबकाला टेकवू नका, कारण साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे मंदावतात.

आता चौकट एकदा सरळ, एकदा १८० अंशांत फिरवून ठेवा आणि दोन्ही वेळा आडवा व्होल्टेज नोंदवा. दोन्हींच्या वजाबाकीचं निम्मं म्हणजे नर्न्स्ट. बेरजेचं निम्मं म्हणजे तारा समोरासमोर न बसल्यामुळे आत शिरलेला सीबेक. बहुतेकांना हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा निघतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक तेवढं करते, आणि ग्राफीनच्या चिपवर हेच सूक्ष्म प्रमाणात घडणार असतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा सराव सकाळी लवकर करा. कूलरचा झोत पट्टीवर आला की थंड टोकाचं तापमान मिनिटामिनिटाला हलतं. सगळी मांडणी थर्माकोलच्या डब्यात ठेवली की निम्मा गोंधळ जागीच थांबतो. तांब्याच्या तारांची टोकं जोडण्याआधी पॉलिश पेपरने घासा. स्वच्छ तांब्याला तांबं जोडलं तर थर्मल व्होल्टेज जवळजवळ नसतो, सोल्डरशी जोडलं तर केल्विनमागे एक ते तीन मायक्रोव्होल्ट येतो, पण काळवंडलेल्या तांब्याशी जोडलं तर तो हजार मायक्रोव्होल्टपर्यंत जातो.

ग्राफीनची चिप

जास्त डोप केलेल्या सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड, त्यावर ग्राफीनचा एकपदरी तुकडा, त्याला हॉल बारचा, म्हणजे बाजूंनाही संपर्क असलेल्या पट्टीचा, आकार. लांबी ८ ते १० मायक्रोमीटर, रुंदी ३ च्या आसपास. दोन्ही टोकांना ग्राफीनवरून आडवी जाणारी सोन्याची एकेक रेघ: खाली ५ नॅनोमीटर क्रोमियम, वर ५० नॅनोमीटर सोनं. प्रत्येक रेघेला चार पाय. ही रेघ एकाच वेळी विद्युत-संपर्कही असते आणि तापमापकही. प्रत्येक टोकाच्या पलीकडे, ग्राफीनपासून दीड-दोन मायक्रोमीटर दूर, हीटरची रेघ. हीटर दोन्ही बाजूंना लागतात. का ते पुढे येईल.

आराखड्यात दोन गोष्टींवर अडून बसा. तापमापकाचे आतले दोन पाय ग्राफीनच्या रुंदीइतकेच अंतर ठेवून काढा. ते २० मायक्रोमीटरवर काढले तर रेघेच्या थंड भागाची सरासरीही वाचनात मिसळते आणि तापमानाचा फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे सीबेक फुगतो, आणि ६० च्या जागी ८० दिसले की माणूस नवा शोध लागल्याच्या आनंदात हरवतो. दुसरं, आडव्या व्होल्टेजचे संपर्क ग्राफीनच्या मध्यावर समोरासमोर ठेवा, आणि त्यांची ग्राफीनवरची रुंदी एक मायक्रोमीटरच्या आत.

चिप हातात आल्यावर पहिली तपासणी गळतीची. हीटर आणि ग्राफीन यांच्यात, तसंच गेट (ऑक्साइडखालचं सिलिकॉन, ज्यावरच्या व्होल्टेजने ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात) आणि ग्राफीन यांच्यात किमान एक गिगाओहम हवा. त्याहून कमी असेल तर ती चिप बाजूला ठेवा, कारण पुढचं कुठलंही गणित ती गळती धुऊन काढू शकत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरची हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. तोच चटका सोन्याच्या रेघेला बसला की ती फ्यूजसारखी उडते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, टेबलावर अँटिस्टॅटिक चटई, आणि सगळे पाय एकत्र ग्राउंड करणारी स्विचची पेटी हवीच. स्विच असे निवडा की नवा संपर्क जुळल्यावरच जुना सुटेल. प्रवासात चिप वाहक फोममध्ये खोचून, सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनपर्यंत नेऊन तिथेच बघा: सगळे संपर्क जिवंत आहेत का, सोन्याच्या रेघांचा रोध तापमानासोबत सरळ रेषेत उतरतो का, गेटने डिराक बिंदू (जिथे इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे धन वाहक, समसमान होतात आणि रोध सर्वांत जास्त असतो) ओलांडता येतो का. खोलीची खिडकी उघडी असू द्या. बंद खोलीत नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो आणि कळतही नाही. डिराक बिंदू शून्य गेट व्होल्टपासून २० व्होल्टच्याही पलीकडे असेल तर ओलावा आणि रेझिस्टचे (चिप बनवताना लावलेल्या लेपाचे) अवशेष हे कारण. निर्वातात ११० ते १२० अंशांवर काही तास तापवलं की तो बराच जवळ येतो. पावसाळ्यात बनवलेल्या चिपला हे हमखास लागतं.

तापमानाचा फरक: इथे घाई नको

समजा सोन्याची रेघ ४० ओहमची आहे आणि केल्विनमागे तिचा रोध ०.१ टक्का बदलतो. तिच्यातून २० मायक्रोअँपिअर सोडले आणि तापमान १०० मिलिकेल्विन वाढलं, तर व्होल्टेज फक्त ८० नॅनोव्होल्ट बदलतो. डीसी मीटरवर हे जवळजवळ हरवतं. खोलीतला एअर कंडिशनर चालू-बंद झाला तरी त्याहून मोठी उडी दिसते. म्हणून सगळं काम दुप्पट वारंवारितेवर करा.

हीटरमध्ये साइन लहरीचा प्रवाह सोडला की उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे तापमान दुप्पट वारंवारितेने वर-खाली होतं. ग्राफीनचा थर्मल व्होल्टेज त्याच दुप्पट वारंवारितेवर मोजा. तापमापकात मात्र डीसी प्रवाह ठेवा आणि त्याच्यावरचा दुप्पट वारंवारितेचा व्होल्टेज मोजा. त्याला डीसी प्रवाहाने आणि केल्विनमागच्या रोधबदलाने भागलं की त्या टोकाचं तापमान किती झुललं ते मिळतं. दोन टोकांची वजाबाकी म्हणजे हवा तो फरक. दोन्ही तापमापक एकाच वेळी चालू ठेवू नका. ते ग्राफीननेच एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे एकाचा प्रवाह दुसऱ्याकडे वाट काढतो. प्रवाहाचा स्रोतही तरंगता हवा, ग्राउंडला बांधलेला नको.

वारंवारिता हीटरसाठी ७.३ हर्ट्झ, म्हणजे सिग्नल १४.६ वर. १२.५ किंवा २५ अजिबात नको, त्यांच्या पटी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जाऊन बसतात. पल्स ट्यूब कूलर असलेल्या चुंबकात १.४ हर्ट्झचा ठोका असतो. जोराच्या क्षेत्रात तारा तेवढ्याने हलल्या तरी व्होल्टेज उपजतो. १४.६ हा त्याच्याही पटींच्या मध्ये पडतो.

लॉक-इनवर सिग्नल एक्समध्ये (संदर्भलहरीबरोबर चालणारा भाग) न येता वायमध्ये (पाव फेरी सरकलेला भाग) येतो, कारण साइनचा वर्ग उलटा कोसाइन देतो. एक्समध्ये जे उरतं ते तापमानाशी संबंधित नसतं आणि ते वायच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असायला हवं. आणखी एक जागा जिथे हमखास घसरण होते: लॉक-इन आरएमएस मूल्य दाखवतो. व्होल्टेज आणि तापमान दोन्ही दुप्पट वारंवारितेवर मोजले तर दोघांत तोच गुणक येतो आणि कटतो. पण तापमानाचा फरक हीटरमध्ये डीसी सोडून काढला असेल, तर दोन्ही प्रयोगांत हीटरची सरासरी उष्णता सारखी ठेवा आणि थर्मल व्होल्टेजला दोनच्या वर्गमूळाने, १.४१४ ने गुणा. हे विसरलं की आलेले सगळे आकडे तीस टक्के कमी, आणि दोष नमुन्याच्या माथी.

हीटरचा प्रवाह ०.५ पासून सुरू करून २ मिलिअँपिअरपर्यंत न्या. एक मायक्रोमीटर रुंदीच्या रेघेत ३ च्या वर जाऊ नका. सिग्नल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढला पाहिजे. आलेख सरळ रेषेवरून वळायला लागला की प्रवाह जास्त झाला. तापमानातला फरक मूळ तापमानाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा.

सोन्याच्या रेघांचं कॅलिब्रेशन प्रत्येक क्षेत्रात नव्याने करा. हीटर बंद ठेवून क्रायोस्टॅटचं (नमुना थंड ठेवणाऱ्या पात्राचं) तापमान दोन केल्विन वर, दोन केल्विन खाली नेऊन रोधाचा उतार काढा. शून्य क्षेत्रातला उतार नऊ टेस्लाला वापरणं ही या प्रयोगातली बहुधा सर्वांत जास्त वेळा होणारी चूक असेल. सुमारे २० केल्विनच्या खाली सोन्याचा रोध तापमानाकडे दुर्लक्षच करू लागतो. म्हणून पहिली फेरी ५० केल्विनला करा, मग ३०, मग जमलं तर २०. याहून खाली जायचं असेल तर सोनं सोडून ग्राफीनचा स्वतःचा रोध किंवा विद्युत गोंगाट तापमापक म्हणून वापरावा लागतो. ते वेगळं काम आहे.

चुंबकावरचा क्रम

थंड झाल्यावर शून्य क्षेत्रात गेट उणे ४० ते अधिक ४० व्होल्ट फिरवून रोधाचा आलेख घ्या. गेट नेहमी एकाच बाजूने आणा. उलट्या फेरीत डिराक बिंदू एक-दोन व्होल्टने सरकलेला दिसतो.

मग ९ टेस्ला. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर गेटचा प्रत्येक व्होल्ट दर चौरस सेंटिमीटरला ७.२ गुणिले दहाचा दहावा घात इतके इलेक्ट्रॉन आणतो. त्या हिशेबाने ९ टेस्लाला फिलिंग फॅक्टर (लँडाऊ पातळ्या किती भरल्या ते सांगणारा आकडा) २ डिराक बिंदूपासून सुमारे ६ व्होल्टवर, ४ बारा व्होल्टवर आणि ६ अठरा व्होल्टवर येतो. हॉल रोध ६ व्होल्टच्या आसपास १२,९०६ ओहम आणि १८ च्या आसपास ४,३०२ ओहमवर सपाट होतो का ते पाहा. ही पठारं दिसत नसतील तर थर्मल मोजमाप सुरूच करू नका. अशा नमुन्यातून पुढे शिखरं आली तरी ती कशाची आहेत ते सांगता येणार नाही.

पठारं दिसली की शून्य क्षेत्रावर परत या आणि थर्मल व्होल्टेज गेटनुसार मोजा. इलेक्ट्रॉनांच्या बाजूला सीबेक ऋण, होलच्या बाजूला धन, आणि डिराक बिंदूवर शून्य ओलांडणारा. हा आलेख मॉटच्या सूत्राशी ताडून पाहा: उणे लॉरेन्झचा आकडा, २.४४ गुणिले दहाचा उणे आठवा घात, गुणिले तापमान, गुणिले वाहकतेच्या लॉगचा फर्मी ऊर्जेनुसार उतार, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. उत्तर व्होल्ट प्रति केल्विनमध्ये मिळतं. ऊर्जेसाठी लक्षात ठेवायला सोपं: दर चौरस सेंटिमीटरला दहाचा बारावा घात इतके इलेक्ट्रॉन असताना फर्मी ऊर्जा ११७ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ती संख्येच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते. डिराक बिंदूच्या अगदी जवळ सूत्र लागू पडत नाही, तिथे पाहू नका. पण दूर दोन्ही बाजूंना मोजलेला आणि काढलेला आलेख सगळीकडे सारख्याच पटीत वेगळे पडत असतील, तर चूक तापमानाच्या कॅलिब्रेशनमध्येच आहे. तिथेच थांबून ती शोधा.

आता अधिक ९ आणि उणे ९ टेस्ला, प्रत्येकी गेटची पूर्ण फेरी, पाव व्होल्टच्या पायऱ्यांनी. प्रत्येक बिंदूला पाच सेकंद धरले तर एका फेरीला सुमारे २७ मिनिटं लागतात. दोन लॉक-इन असतील तर लांबीचा आणि आडवा व्होल्टेज एकत्र मिळतो. क्षेत्र बदलल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत किमान दहा मिनिटं थांबा. बदलतं क्षेत्र तांब्याच्या ठोकळ्यांत भोवरी प्रवाह निर्माण करून ते तापवतं. शेवटी बेरजेचं निम्मं सीबेक, वजाबाकीचं निम्मं नर्न्स्ट, अगदी बिस्मथसारखं.

मग दुसऱ्या टोकाचा हीटर वापरून सगळं पुन्हा. उष्णतेची दिशा उलटली, तर थर्मल व्होल्टेजचं चिन्ह उलटलं पाहिजे आणि तापमानाच्या फरकाने भागल्यावर तेच गुणांक मिळाले पाहिजेत. दोन हीटरांच्या उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तीच तुमच्या मोजमापाची खरी अनिश्चितता समजा.

आलेखावर काय दिसायला हवं

पठारांवर सीबेक आणि नर्न्स्ट दोन्ही शून्याकडे जातात. फिलिंग फॅक्टर ४ जवळ सीबेकचं शिखर आणि तिथेच नर्न्स्ट शून्यातून आरपार जातो. शून्याव्या पातळीवर, म्हणजे डिराक बिंदूपाशी, उलट चित्र: सीबेक शून्य ओलांडतो आणि नर्न्स्टचं एकच उंच शिखर उभं राहतं. या अदलाबदलीवरून शून्याव्या पातळीत इलेक्ट्रॉन आणि होल समसमान आहेत हे दिसतं. ती दिसली की मांडणी बरोबर आहे यावर बराच विश्वास ठेवता येतो.

शिखर ६० पर्यंत पोचेलच असं नाही. ९ टेस्लाला शून्य आणि पहिल्या पातळीत १०९ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर आहे आणि ५० केल्विनची उष्ण ऊर्जा ४.३, म्हणजे पातळ्या एकमेकींत मिसळत नाहीत. पण सिलिकावर टेकलेल्या ग्राफीनमध्ये प्रत्येक पातळी अशुद्धींमुळे रुंदावते. ती रुंदी उष्ण ऊर्जेहून जास्त असली की शिखर खाली राहतं आणि तापमानासोबत वाढत जातं. बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांत झाकलेल्या ग्राफीनमध्ये परिस्थिती बरीच सुधारते. शिखर ६० च्या वर जात असेल, तर पहिला संशय स्वतःच्या तापमापकावर घ्या.

आणखी कडक कसोटी हवी असेल तर मोजलेल्या सीबेक-नर्न्स्टला विद्युत वाहकतेच्या टेन्सरने गुणून थर्मोइलेक्ट्रिक वाहकता काढा. तिच्या आडव्या घटकाचं प्रत्येक पातळीवरचं कमाल मूल्य २.३ नॅनोअँपिअर प्रति केल्विन असतं, ग्राफीनमध्ये चौपट अवनतीमुळे (प्रत्येक पातळी एकाच ऊर्जेला चार वेळा येते म्हणून) ९.२. सोन्याच्या तारांचा स्वतःचा सीबेक, खोलीच्या तापमानाला सुमारे दोन मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आणि थंडीत त्याहून कमी, शेवटी वजा करायचा राहू नये.

फसवणाऱ्या जागा

हीटरवरचा व्होल्टेज ग्राफीनला बाजूच्या गेटसारखा छळतो. हीटर १०० ओहमचा आणि प्रवाह २ मिलिअँपिअर असेल तर २०० मिलिव्होल्ट अगदी दीड मायक्रोमीटरवर उभे असतात. उपाय म्हणजे हीटरच्या दोन्ही टोकांना समान आणि विरुद्ध व्होल्टेज द्यायचा, म्हणजे मधला बिंदू शून्यावर राहतो. मग हीटरच्या तारा अदलून पाहा. खरा थर्मल सिग्नल जसाच्या तसा राहतो, गळतीचा सिग्नल बदलतो.

डिराक बिंदूजवळ जोराच्या क्षेत्रात ग्राफीनचा रोध फार वाढतो. लॉक-इनचा इनपुट १० मेगाओहमचा असेल तर व्होल्टेज तिथे दबलेला दिसतो आणि शिखर आपोआप बुटकं होतं. १०० मेगाओहमचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर मध्ये लावा. पठारांवर गोंगाटाची तळरेषा किती असावी याचा अंदाजही करून ठेवा: १२.९ किलोओहम १० केल्विनला सुमारे २.७ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ देतो, ५० केल्विनला ६. त्याच्या दसपट गोंगाट येत असेल तर कुठला तरी संपर्क सुटत आला आहे किंवा ग्राउंडचं वेटोळं पडलं आहे.

गॅलियम आर्सेनाइडचा नमुना मिळाला तर एक इशारा. तिथे काही केल्विनला इलेक्ट्रॉनांचं स्वतःचं विसरण झाकून जातं, कारण गरम टोकाकडून येणारे फोनॉन (स्फटिकाच्या जाळीची कंपनं) इलेक्ट्रॉनांना सोबत ओढतात. हे ओढणंही क्षेत्रासोबत आंदोलित होतं आणि आलेख सुंदर दिसतो, पण तो एन्ट्रॉपीचा नसतो. जोराच्या क्षेत्रात त्याची उंची मिलिव्होल्ट प्रति केल्विनपर्यंत जाऊ शकते. शून्य क्षेत्रात सीबेक तापमानाच्या पहिल्या घाताने वाढतो की तिसऱ्या-चौथ्या, यावरून दोघांची ओळख पटते. शुद्ध विसरणासाठी काही शंभर मिलिकेल्विनच्या खाली जावं लागतं, किंवा फक्त इलेक्ट्रॉन गरम करून जाळी थंड ठेवावी लागते. फिलिंग फॅक्टर अडीचच्या अवस्थेत जादा एन्ट्रॉपी शोधण्याची कल्पना फार मोहक आहे, पण तो डायल्यूशन रेफ्रिजरेटरचा, म्हणजे मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्राचा, प्रांत आहे. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांचं नातं क्षीण असल्याने ही अडचण जवळजवळ येत नाही. सुरुवात ग्राफीनने करण्याचं मुख्य कारण हेच.

आवरताना

क्षेत्र शून्यावर आणा, गेट हळूहळू शून्यावर आणा, हीटर बंद करा, मग सगळे पाय ग्राउंडिंग पेटीवर एकत्र जोडा आणि त्यानंतरच केबल काढा. नमुना २९५ केल्विनच्या वर गेल्याशिवाय क्रायोस्टॅट उघडू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड चिपवर काही सेकंदांत दव धरतं, ते सोन्याच्या रेघांखाली शिरतं, आणि पुढच्या फेरीत डिराक बिंदू पुन्हा वीस व्होल्टच्या पलीकडे गेलेला असतो. कच्चा डेटा साठवताना एक्स आणि वाय दोन्ही, दोन्ही क्षेत्रांचे आणि दोन्ही हीटरांचे, वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. फाइलच्या पहिल्याच ओळीत वारंवारिता, हीटरचा प्रवाह आणि तापमापकाचा डीसी प्रवाह लिहा. सहा महिन्यांनी शिखर ६० च्या जागी ४२ का आलं ते शोधायला बसाल, तेव्हा १.४१४ ने गुणलं होतं की नाही हे त्या ओळीवरूनच कळेल.